एकवीस किलोमीटरांची शर्यत

शाळेच्या क्रीडासंमेलनात शंभर मीटरांच्या शर्यतीची शिटी वाजते आणि आठ-दहा मुले बाणासारखी सुटतात. त्यांना विचार करावा लागत नाही. विचार करण्याइतका वेळच नसतो. सोळा-सतरा सेकंदांत जिंकणारा जिंकतो, हरणारा हरतो आणि पुढच्या शर्यतीसाठी मैदान मोकळे होते. परंतु धावण्याच्या काही शर्यती अशा आहेत की, त्यांत पायांइतकेच डोकेही चालवावे लागते. अर्धमॅरेथॉन ही त्यांपैकी एक होय.

या शर्यतीचे अंतर मोठे चमत्कारिक आहे. ते २१ किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर इतके असते. हे अपूर्णांकाचे शेपूट कोठून आले? १९०८ साली लंडन येथे ऑलिंपिक सामने भरले होते. त्या वेळी मॅरेथॉन शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून क्रीडागारातील राजघराण्याच्या आसनांसमोर संपवली गेली. हे अंतर २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर भरले. पुढे १९२१ साली हेच अंतर मॅरेथॉनसाठी कायमचे ठरवण्यात आले. त्याचे दोन सारखे भाग केले की अर्धमॅरेथॉनचे अंतर मिळते. एका राजवाड्याचे अंगण आणि एका राजाची खुर्ची यांमधील अंतर आज जगभरातील लक्षावधी माणसे घाम गाळून तोडतात, ही इतिहासाची गंमतच म्हणावयाची.

युरोपातील पुष्कळशा अर्धमॅरेथॉन शर्यती मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे तिकडच्या वसंत ऋतूत होतात. आपल्याकडे चैत्राचे ऊन तापू लागलेले असते, तेव्हा तेथे बर्फ नुकतेच वितळलेले असते, झाडांना पालवी फुटत असते आणि हवेत सुखद गारवा असतो. (महाराष्ट्रात वसंतात इतके लांब धावणे शहाणपणाचे नव्हे. म्हणूनच मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत होते आणि साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉन पावसाळा सरता सरता होते.) मात्र तिकडच्या वसंतावरही फार विसंबता येत नाही. धावणाऱ्याने सारा हिवाळा कडाक्याच्या थंडीत सराव केलेला असतो, आणि नेमका शर्यतीच्या दिवशी सूर्य प्रखर तळपतो. उन्हाची सवय होण्यास शरीराला एक-दोन आठवडे लागतात. ती सवय नसताना नेहमीच्या वेगाने धावू पाहणारा माणूस अर्ध्या वाटेतच गळून जातो. कधी उलटही घडते. सकाळी निरभ्र असलेले आकाश तासाभरात भरून येते आणि गार पावसाच्या सरी अंगावर कोसळू लागतात.

या शर्यतीतील सर्वांत मोठी चूक मात्र हवामानामुळे होत नाही. ती धावणारा स्वतःच करतो, आणि तीही पहिल्या दहा मिनिटांत. हजारो माणसे एकत्र जमलेली असतात. वाद्ये वाजत असतात. रस्त्याच्या दुतर्फा लोक टाळ्या पिटीत असतात. रात्रभर विश्रांती घेतलेले पाय हलके झालेले असतात. अशा वेळी आपण वेगात धावत आहोत हे धावणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. उलट, आजचा वेग आपल्याला सहज झेपतो आहे, असेच त्याला वाटते. समजा, एखाद्याचा खरा वेग किलोमीटरला सहा मिनिटे आहे. पहिले तीन किलोमीटर तो साडेपाच मिनिटांच्या वेगाने धावला. त्याने दीड मिनिट कमावले. परंतु त्या उतावळेपणामुळे शेवटच्या पाच किलोमीटरांस जर त्याला सात-सात मिनिटे लागली, तर त्याने पाच मिनिटे गमावली. कमाई दीड मिनिटाची आणि तोटा पाच मिनिटांचा! असा व्यवहार कोणताही दुकानदार करणार नाही.

हे असे का घडते? आपल्या स्नायूंत आणि यकृतात एका प्रकारची शर्करा साठवलेली असते. तिला ग्लायकोजन म्हणतात. शरीरातील चरबी हेही इंधनच आहे, आणि त्याचा साठा मोठा असतो. परंतु ते सावकाश जळते. माणूस बेताने धावतो तेव्हा ही दोन्ही इंधने मिळून काम करतात. त्याने वेग वाढवला की शरीर चरबीकडे दुर्लक्ष करून शर्करेवर तुटून पडते. शर्करेचा साठा मर्यादित असतो. नेटाने धावल्यास तो साधारण दीड ते दोन तास पुरतो, आणि सामान्य धावपटूला अर्धमॅरेथॉनसाठी जवळजवळ तितकाच वेळ लागतो. म्हणजे घरातील धान्य नव्या हंगामापर्यंत जेमतेम पुरेल इतकेच आहे. अशा वेळी पहिल्याच महिन्यात मेजवान्या झोडल्या, तर शेवटी काय होईल हे निराळे सांगावयास नको. शिवाय वेग वाढला की श्वासातून मिळणारा प्राणवायू स्नायूंना अपुरा पडू लागतो, छाती भात्यासारखी वरखाली होते आणि पाय शिशाचे झाल्यासारखे वाटू लागतात.

इतर चुका लहान असतात; पण एकवीस किलोमीटरांत लहान चूकही मोठी होते. नवी वहाण चावते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही दरवर्षी कित्येकजण शर्यतीच्या दिवशीच नवे बूट घालतात आणि फोड आलेल्या पायांनी लंगडत परततात. कोणी आदल्या रात्री कधी न खाल्लेला पदार्थ खातो. कोणी थंडी वाजते म्हणून जाड कपडे चढवतो आणि तिसऱ्याच किलोमीटरला घामाने निथळतो. उभे असताना किंचित गारठा वाटावा इतकेच कपडे धावताना पुरेसे असतात. पाण्याच्या बाबतीत तर दोन्ही टोकांच्या चुका होतात. काहीजण वेळ वाचवण्यासाठी पाणीच घेत नाहीत. काहीजण भीतीने प्रत्येक ठिकाणी पोटभर पितात. फार पाणी प्यायल्याने रक्तातील मिठाचे प्रमाण घटते, आणि तेही धोक्याचे असते. अनुभवी धावपटूंचा एक साधा नियम आहे : शर्यतीच्या दिवशी काहीही नवे करावयाचे नाही.

हे सारे नियम पाळूनही जे टळत नाही, असे काही घडले तर? २६ मार्च २०१६ रोजी वेल्स देशातील कार्डिफ शहरी तसेच घडले. त्या दिवशी तेथे अर्धमॅरेथॉनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होती. जगातील निवडक धावपटू शहरातील जुन्या किल्ल्यासमोर रांगेत उभे होते. त्यांत केनियाचा जेफ्री कामवोरोर होता. दोन वर्षांपूर्वी कोपनहेगन येथे त्यानेच हे अजिंक्यपद मिळवले होते. त्यामुळे साऱ्यांचे डोळे त्याच्यावर खिळले होते. शर्यत सुटली, आणि पहिल्याच काही पावलांत कामवोरोरचा पाय घसरला. तो रस्त्यावर पडला. मागून येणाऱ्या धावपटूंचे पाय त्याच्या अंगावर पडले. गुडघे खरचटून रक्त आले. तो उठून उभा राहीपर्यंत पुढची टोळी बरीच दूर गेली होती.

त्या क्षणी त्याच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करून पाहावी. वर्षभराची तयारी, देशाचा गणवेश, आणि शर्यत सुरू होते न होते तोच सर्वांच्या मागे! पुष्कळांनी तेथेच शर्यत सोडली असती आणि त्यांना कोणी दोषही दिला नसता. कामवोरोर धावू लागला. एकामागून एक धावपटूंना मागे टाकीत तो पुढच्या टोळीला जाऊन मिळाला. हवा वाईट होती. वारा सुटला होता आणि शर्यत पुढे सरकली तसा पाऊसही झोडपू लागला. शेवटी त्याच्याबरोबर एकच जण उरला, तो म्हणजे त्याचाच देशबांधव बेदान करोकी. अखेरच्या टप्प्यात कामवोरोरने त्यालाही मागे टाकले आणि ५९ मिनिटे १० सेकंदांत शर्यत जिंकली. करोकी २६ सेकंदांनी मागून आला. ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेला ब्रिटनचा मो फरा तिसरा आला.

या वेळेचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. ५९ मिनिटे १० सेकंद म्हणजे प्रत्येक शंभर मीटरांस सुमारे सतरा सेकंद. आरंभी सांगितलेल्या शंभर मीटरांच्या शर्यतीत शाळेतील मुलगा जीव तोडून एकदा ज्या वेगाने धावतो, त्याच वेगाने कामवोरोर न थांबता दोनशे अकरा वेळा धावला. आणि तेही रस्त्यावर पडून उठल्यानंतर.

पडल्यामुळे गेलेला वेळ भरून कसा काढावा, हा हिशेबाचा प्रश्न आहे. समजा, एखाद्या धावपटूचा आरंभीच बेचाळीस सेकंदांचा तोटा झाला. तो सारा पुढच्या एका किलोमीटरमध्ये भरून काढावयाचा म्हटले, तर त्याची शर्करा तेथेच संपेल. परंतु तोच तोटा एकवीस किलोमीटरांवर वाटून दिला, तर प्रत्येक किलोमीटरच्या वाट्याला केवळ दोन सेकंद येतात. दोन सेकंद म्हणजे काहीच नव्हे. कामवोरोरसारखा असामान्य धावपटू पुढची टोळी गाठण्यासाठी वेग वाढवू शकतो. कारण आघाडीची टोळी एकदा हातची निसटली की पुन्हा सापडत नाही. सामान्य धावपटूला मात्र दोन सेकंदांचा हिशेबच तारतो. दोन वर्षांनी, म्हणजे २०१८ च्या मार्चमध्ये, स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरी कामवोरोरने हेच अजिंक्यपद सलग तिसऱ्यांदा मिळवले.

चूक नेहमी धावणाऱ्याचीच असते असेही नाही. कधी कधी रस्ताच चुकीचा असतो. इटलीतील मिलान शहरात दर वसंतात एक प्रसिद्ध अर्धमॅरेथॉन होते. येथेच १९९३ साली केनियाच्या मोझेस तानुईने ५९ मिनिटे ४७ सेकंदांत धावून, एका तासाच्या आत हे अंतर तोडणारा पहिला मनुष्य होण्याचा मान मिळवला होता. ३० मार्च १९९६ रोजी त्याच शहरात केनियाचाच पॉल टेरगट धावला. त्याला ५८ मिनिटे ५१ सेकंद लागले. एकोणसाठ मिनिटांच्या आत तोवर कोणीही आले नव्हते. परंतु मार्गाची तपासणी केली तेव्हा तो ४९ मीटरांनी कमी भरला.

एवढे अंतर टेरगटने आठ सेकंदांत तोडले असते. ते आठ सेकंद मिळवूनही त्याची वेळ तानुईहून पाऊण मिनिटाने सरस ठरली असती. तरीही ती मान्य झाली नाही. कारण न धावलेले अंतर धावले असते असे समजून कोणाचीही नोंद करता येत नाही. टेरगटचा यात काडीमात्र दोष नव्हता. त्याने दाखवलेला रस्ता इमानाने तोडला होता.

अशी चूक होऊ नये म्हणून मार्ग कसा मोजतात, हे पाहण्यासारखे आहे. मोजणारा सायकलवर बसतो. सायकलच्या पुढच्या चाकाला एक लहानसे गणकयंत्र जोडलेले असते. चाक किती फिरले ते हे यंत्र दाखवते. हे यंत्र १९७१ साली अमेरिकेतील ॲलन जोन्स यांनी तयार केले, आणि त्यांचा लहान मुलगा क्लेन ती यंत्रे बनवून लोकांना पुरवीत असे. मोजणीपूर्वी पोलादी फीत अंथरून रस्त्याचा एक सरळ तुकडा अचूक मोजतात आणि त्यावरून सायकल चालवून यंत्राचे आकडे तपासतात. मोजणी संपल्यावर पुन्हा तीच तपासणी होते. कारण उन्हाने टायरमधील हवा फुगते आणि चाकाचा घेर किंचित वाढतो. वळणावर मोजणारा रस्त्याच्या कडेपासून केवळ ३० सेंटिमीटर अंतर राखतो. धावपटूला जो सर्वांत जवळचा मार्ग घेता येईल, तोच मोजावयाचा असतो. इतके करूनही समाधान होत नाही, म्हणून हजार मीटरांमागे एक मीटर जादा धरतात. म्हणजे अर्धमॅरेथॉनचा मार्ग मुद्दामच सुमारे एकवीस मीटर लांब आखलेला असतो. हा हट्ट अतिरेकी वाटेल. परंतु मिलानमध्ये काय झाले हे ठाऊक असलेल्याला तो तसा वाटणार नाही.

टेरगटने त्या शर्यतीवर राग धरला नाही. तो मिलानच्या रस्त्यांवर पुढेही धावत राहिला. ४ एप्रिल १९९८ रोजी त्याला ५९ मिनिटे १७ सेकंद लागले. दोन वर्षांपूर्वीच्या वेळेपेक्षा ही वेळ २६ सेकंदांनी अधिक होती. पण या खेपेस रस्ता पुरा भरला, आणि जगातील सर्वोत्तम वेळ म्हणून टेरगटचे नाव नोंदले गेले.