शिकागो : टोळ्यांच्या वाटेवरून पायी

अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात (१९२० ते १९३३) चोरट्या दारूच्या व्यापारावर शिकागोतील टोळ्या पोसल्या गेल्या. त्यांच्या खुणा दाखविणाऱ्या पायी सहली आज तेथे निघतात. लिंकन अ‍ॅव्हेन्यूवरील बायोग्राफ चित्रपटगृहाची वास्तू अद्याप उभी आहे. बँका लुटणारा जॉन डिलिंजर २२ जुलै १९३४ रोजी तिच्यालगतच मारला गेला. तेथून जवळच असलेल्या नॉर्थ क्लार्क स्ट्रीटवर मात्र केवळ झाडे आणि हिरवळ दिसते.

१४ फेब्रुवारी १९२९ रोजी येथील गॅरेजात सात जणांना भिंतीशी उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. मारेकऱ्यांपैकी काही पोलिसांच्या गणवेशात होते. मृतांत एक मोटारी दुरुस्त करणारा कारागीर होता, एक चष्म्यांचा व्यावसायिक. टोळीयुद्धाच्या रंजक कथेत हे दोघे बसत नाहीत. गॅरेज १९६७ मध्ये पाडले गेले. भिंतीच्या पुष्कळशा विटा आता लास व्हेगासच्या संग्रहालयात आहेत. शिकागोने पुसलेली आठवण दुसऱ्या शहराने तिकीट लावून जपावी, हा व्यवहार विलक्षणच!

संशय अल कपोनवर होता. पण या हत्याकांडासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. १९३१ मध्ये कपोनला ११ वर्षांचा कारावास झाला तो प्राप्तिकर चुकविल्याबद्दल, आणि पुराव्यात होत्या हिशेबाच्या वह्या.