मैदान बदललं की षटकार बदलतो

नंदुरबारच्या पायथ्यावरून एखाद्या तगड्या फलंदाजाला तोरणमाळला नेलं आणि अगदी तोच फटका तेवढ्याच ताकदीनं मारायला सांगितलं, तर? चेंडू वर जास्त लांब जाईल! तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. तिथली हवा मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी विरळ. उडत्या चेंडूला मागे खेचते ती हवाच. तिची पकड सैल झाली की खाली झेल ठरणारा फटका वर दोरापलीकडे पडू शकतो.

आणि तो दोर तरी कुठे असतो? खेळपट्टी २२ यार्डांचीच हवी, त्यात सूट नाही. सीमारेषेला मात्र आंतरराष्ट्रीय सामन्यात खेळपट्टीच्या मध्यापासून ५९.४३ ते ८२.२९ मीटरपर्यंत मोकळीक. तब्बल २३ मीटर!

त्याहून नवल पुढे आहे. वानखेडेसारख्या मैदानावर मधल्या चौकात अनेक खेळपट्ट्या शेजारी-शेजारी असतात, प्रत्येक सुमारे ३ मीटर रुंद. मधली सोडून दोन पट्ट्या बाजूला खेळलं, की दोर तिथेच ठेवूनही एक बाजू ६ मीटरनं आखूड होते, दुसरी तेवढीच लांब. या षटकात उजव्या फलंदाजाच्या मिडविकेटला ही आखूड बाजू आली, तर पुढच्या षटकात, दुसऱ्या टोकाकडून, ती डावखुऱ्याच्या मिडविकेटला येते. डाव्या-उजव्या जोडीचं मोल इथेही आहे!

बेसबॉलमध्ये दोर नाही, भिंती आहेत. आणि प्रत्येक शहराच्या वेगळ्या. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमची उजवी कड ३१४ फुटांवर, म्हणजे ओढून मारणाऱ्या डावखुऱ्यांची चंगळ. बोस्टनच्या फेनवे पार्कची डावी कड त्याहूनही जवळ, पण तिथे ३७ फूट उंच भिंत उभी! सपाट, जोरकस फटका तिच्यावर आपटून मैदानातच परततो.

संघ हंगामातल्या १६२ पैकी ८१ सामने घरी खेळतो. मग करारमुक्त खेळाडूवर पैसे लावताना भिंतीची मापं आधी पाहायला नकोत? माझ्या मते ती खेळाडूच्या आकड्यांइतकीच महत्त्वाची.

डेन्व्हरचं मैदान तर सुमारे १६०० मीटर उंचीवर. विरळ हवेत चेंडू लांब जातोच, शिवाय फिरकी कमी वळते, म्हणजे गोलंदाजाचं दुहेरी नुकसान. कोरड्या हवेत चेंडूही सुकतो आणि जास्त उसळतो, म्हणून २००२पासून तिथे चेंडू दमट खोलीत ठेवू लागले! त्याआधी, डिसेंबर २०००मध्ये, डेन्व्हरनं माइक हॅम्प्टन या नामांकित गोलंदाजाला ८ वर्षांसाठी १२ कोटी १० लाख डॉलर देऊ केले. पहिल्याच हंगामात त्यानं दर ९ डावांमागे सरासरी ५.४१ धावा दिल्या; दोन हंगामांनंतर तो संघाबाहेर होता. पण त्याच २००१च्या हंगामात, स्वतः बॅट हाती घेऊन, या गोलंदाजानं ७ होमरन, म्हणजे बेसबॉलचे षटकार, ठोकले!