मूल हुशार आहे, मग गुण कमी का?

‘डॉक्टर, डोकं चांगलं आहे, पण पेपर घाईघाईत सोडवतो,’ अशी तक्रार पालक नेहमी करतात. उतावळेपणा म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे. मनाला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत विकसित होत असतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील आठवीच्या मुलांच्या अभ्यासात गुणांचा संबंध बुद्ध्यांकापेक्षा स्वयंशिस्तीशी जास्त दिसला. म्हणून मुलाला ‘ढ’ म्हणू नका. प्रश्न दोनदा वाचणे, अभ्यासाच्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवणे, पुरेशी झोप घेणे या सवयी लावा. मात्र उतावळेपणा किंवा लक्ष न लागणे वयाच्या १२ वर्षांआधीपासून, घरी आणि शाळेतही असेल, तर एडीएचडीची शक्यता असते. अशा वेळी बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या.