रात्रीचा भाग आणि मधल्या सुट्टीतील चर्चा

शाळेची मधली सुट्टी ही विद्यार्थ्यांची खरी विद्वत्सभा होय, असे आम्हांस कित्येकदा वाटते. वर्गात प्रश्न विचारला असता ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, तेच विद्यार्थी डबा उघडताच मोठे वादपटू होतात. २०१९ साली या सभेत एकच विषय दिवसेंदिवस चालू होता. झी मराठी वाहिनीवर रात्री लागणाऱ्या ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचे दुसरे पर्व तेव्हा सुरू होते. अण्णा नाईक, माई, शेवंता, पांडू ही नावे इतिहासाच्या पुस्तकातील राजांपेक्षाही आमच्या मुलांच्या अधिक परिचयाची झाली होती. प्रारंभी आम्ही कपाळास आठ्या घालून हे ऐकत असू. पुढे मात्र आमच्या मनात कुतूहल उत्पन्न झाले, आणि त्यानंतर घडलेल्या एका गोष्टीने आम्हांस गंभीरपणे विचार करावयास लावले. तोच विचार येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्याकरिता थोडी माहिती दिली पाहिजे. तिचे पहिले पर्व २०१६ साली आले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका गावी नाईकांचे जुने घर आहे. घरातील कर्ते पुरुष अण्णा यांचा आरंभीच मृत्यू होतो, दूरदूरची मुलेसुना गावी जमतात आणि मग त्या घरात चमत्कारिक प्रकार घडू लागतात. आकेरी गावातील एका वाड्यात तिचे चित्रीकरण झाले. तिची भाषा बरीचशी मालवणी असल्याने आमच्या गोव्यातील मुलांस ती आपल्या घरचीच वाटली. मालवणी माणूस ‘माका’ म्हणतो, आम्ही कोंकणीत ‘म्हाका’ म्हणतो. अंतर ते एवढेच. देशावरचे नातेवाईक एखाद्या शब्दाचा अर्थ विचारीत, तेव्हा आमची मुले मोठ्या अभिमानाने दुभाष्याचे काम करीत असत.

आता प्रश्न असा, की अशी मालिका पाहून झाल्यावर माणसे तिच्याविषयी इतकी का बोलतात? याचे उत्तर गूढकथेच्या रचनेतच आहे. गूढकथाकार सर्व सांगत नाही. तो काही राखून ठेवतो. दार आपोआप उघडलेले दिसते, पण ते कोणी उघडले हे दिसत नाही. पाऊल वाजते, पण पाय दिसत नाहीत. आणि नेमके काही कळणार अशा क्षणी त्या दिवसाचा भाग संपतो. कथेत राहिलेली ही पोकळी प्रेक्षकाचे मन स्वस्थ बसू देत नाही. ती आपल्या तर्काने भरून काढावी, आणि आपला तर्क दुसऱ्याच्या तर्काशी ताडून पाहावा, अशी स्वाभाविक इच्छा त्यास होते. एकाने दिव्याकडे लक्ष दिलेले असते, दुसऱ्याने नोकराच्या चेहऱ्याकडे, तिसऱ्याने मागे वाजणाऱ्या आवाजाकडे. तिघे एकत्र आले म्हणजे एकट्याने पाहिल्यापेक्षा अधिक पाहिले जाते.

ही रीत दूरचित्रवाणीनेच प्रथम आणली असे मात्र नव्हे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः येत होती. पुढे काय होणार याची वाट वाचकांनी तेव्हाही पाहिलीच. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भय व गूढकथा वाचून रात्री दिवा मालवण्यास कचरणारी एक पिढीच महाराष्ट्रात होऊन गेली. आमच्या पेडण्यापासून मालवणापर्यंत जत्रेच्या रात्री दशावतार रंगतो. त्यात लिखित संहिता नसते, नट आयत्या वेळी संवाद रचतात; त्यामुळे पहाटे घरी परतणाऱ्या मंडळींत ‘आज संकासुराने काय उत्तर दिले’ याचीच चर्चा वाटभर चालते. कथा संपली तरी तिचे बोलणे संपत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे.

आणि तो केवळ आपल्याच देशाचा आहे असेही नाही. अमेरिकेत ८ एप्रिल १९९० रोजी ‘ट्विन पीक्स’ नावाची मालिका सुरू झाली. डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट हे तिचे निर्माते. कॅनडाच्या सीमेजवळील एका लहान गावात लॉरा पामर या शाळकरी मुलीचा खून होतो. तपासास आलेला अधिकारी डेल कूपर हा आपल्या स्वप्नांतूनही पुरावे शोधतो, आणि हळूहळू त्या अरण्यात काही अमानुष शक्ती वावरत असल्याचे दिसू लागते. ‘लॉराला कोणी मारले?’ हा प्रश्न त्या वर्षी तेथे घरोघरी विचारला गेला. प्रेक्षक भाग फितीवर मुद्रित करून ठेवीत आणि पुनःपुन्हा थांबवून पाहत. कर्त्यांची इच्छा हा प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित ठेवण्याची होती; परंतु वाहिनीच्या आग्रहामुळे नोव्हेंबर १९९० मध्ये खुनी उघड करण्यात आला. पुढे मालिकेचा प्रेक्षकवर्ग ओसरत गेला आणि जून १९९१ मध्ये ती बंद पडली. प्रसारणाच्या वेळेतील बदल इत्यादी अन्य कारणेही त्यास होती. तथापि चर्चा उत्तरावर नव्हे, तर प्रश्नावर जगते, एवढे यावरून खास दिसते. त्या कथेची ओढ मात्र इतकी चिवट, की २०१७ साली अठरा नव्या भागांसह ती परत आली.

‘रात्रीस खेळ चाले’च्या कर्त्यांनी दुसऱ्या पर्वात निराळीच युक्ती योजिली. त्यांनी कथा मागे नेली. पहिल्या पर्वात ज्यांचा मृत्यू झाला ते अण्णा येथे जिवंत, दांडगे आणि जुलमी असे समोर आले. त्यांचा शेवट प्रेक्षकांस ठाऊकच होता. अर्थात ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न मागे पडून ‘हे असे का झाले’ हा प्रश्न पुढे आला. आमच्या मुलांची चर्चाही त्याबरोबर बदललेली आम्ही पाहिली. नववीतील एक मुलगी म्हणाली, ‘‘या घरात भुतापेक्षा अण्णांचेच भय जास्त आहे.’’ पुष्कळ टीकाकारांनी पानेच्या पाने लिहून जे सांगितले असते, ते तिने डबा खाता खाता एका वाक्यात सांगितले. अशी चर्चा निरर्थक आहे असे कोण म्हणेल?

परंतु याच चर्चेची दुसरी बाजू आम्हांस लवकरच दिसली. शाळेच्या फाटकाशी एक वृद्ध बाई आवळे, चिंचा व बोरे घेऊन बसत असे. एकटी राही, बोले थोडे, एक डोळा मोतीबिंदूने पांढरा झालेला. कोणा एका मुलाने तिला मालिकेतील हडळ म्हटले. प्रथम ती थट्टा होती. आठवड्याभरात लहान वर्गांतील मुले तिच्यासमोरून जाईनात. तिच्याकडचा आवळा खाल्ल्याने कोणास ताप आला, अशी वदंता उठली. एका पालकांनी तर तिला तेथून हलवावे असे आम्हांस सुचविले. आणि एके दिवशी ती बाई फाटकाशी आलीच नाही.

आमची मान खाली गेली. कारण तो सर्व काळ आम्ही वाद ऐकत होतो, किंबहुना मनातून त्याचा आनंद घेत होतो. पण त्या वादाची पायरी कोठे चुकली हे आम्ही पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर तीन रकाने आखले. पहिल्यात ‘आम्ही काय पाहिले’, दुसऱ्यात ‘त्यावरून काय तर्क केला’ आणि तिसऱ्यात ‘जगात ते खरे आहे हे कशावरून’ असे लिहिले. प्रथम मालिकेतील प्रसंग घेतला. पहिले दोन रकाने भराभर भरले. तिसऱ्याची गरजच पडली नाही, कारण कथेतील भूत कथेपुरते खरे असले म्हणजे पुरे. मग त्या बाईचे नाव घेतले. पहिल्या रकान्यात ‘पांढरा डोळा’, ‘एकटी राहते’ आणि ‘एका मुलास ताप आला’ एवढेच आले. दुसऱ्यात काय लिहिले ते येथे सांगत नाही. तिसरा रकाना रिकामा राहिला. वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. ज्याला ताप आला होता तो मुलगा मग उभा राहून म्हणाला, ‘‘मी आवळे खाल्लेच नव्हते, सर्दी झाली होती.’’

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमच्या गावांतून राखणदाराच्या, देवचाराच्या कथा आज्या सांगत आल्या आहेत. आम्हीही त्या ऐकतच वाढलो. त्या कथांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु एखाद्या जिवंत माणसाच्या अंगी अमंगल शक्ती आहे असे म्हणणे ही कथा नव्हे. तो आरोप होय. अशा आरोपांपायी आपल्या देशात स्त्रियांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर घालविण्यात आले आहे, त्यांचे प्राणही गेले आहेत. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अशा प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झटून प्रयत्न केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली; त्याच वर्षी तो कायदा झाला. २०१६ साली या मालिकेसंबंधी कोकणातून जी नाराजी प्रकट झाली, तिच्या मुळाशीही हेच भय होते : पडद्यावरचे भूत उद्या कोणाच्या तरी दारात नेऊन बसविले जाईल. मालिका बंद करणे हा त्यावर उपाय आहे असे आम्हांस वाटत नाही. तिसरा रकाना विचारावयास शिकणे, हा उपाय आहे.

ती बाई पुढे बसथांब्यापाशी बसू लागल्याचे आम्हांस कळले. काही मुले आपण होऊन तेथे गेली. ‘‘आजी, आवळे द्या,’’ असे ज्याने प्रथम म्हटले, तो तिला हडळ म्हणणाराच मुलगा होता. तिने आवळे दिले, वर मूठभर बोरेही घातली. परंतु शाळेच्या फाटकाशी ती पुन्हा कधी आली नाही. तिची जागा आजही रिकामी आहे.

विद्यार्थिमित्रांनो, गूढकथा अवश्य वाचा, मालिका पाहा, आणि दुसऱ्या दिवशी मित्रांशी कडाकडा भांडा. कोणत्या प्रसंगावरून कोणता तर्क केला हे विचारण्याची सवय लावून घ्या. हीच सवय पुढे तुम्हांस काव्य समजावून देईल, इतिहासाची साधने तपासावयास शिकवील आणि वृत्तपत्रातील बातमी पारखावयास लावील. मात्र भाग संपला, पडदा काळा झाला, की भुताला त्याच्या घरीच राहू द्या. सकाळी शाळेच्या वाटेवर जी भेटतात ती माणसे असतात.