खडकवासल्याचा दुसरा अर्ज

पुण्याजवळील खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ च्या जानेवारींत रीतसर सुरू झाली. भूदल, नौदल व वायुदल यांचे भावी अधिकारी तेथें एकत्र शिक्षण घेतात. २०२२ पासून मुलींनाही तेथें प्रवेश मिळूं लागला. परंतु जितके उमेदवार आंत जातात, त्यांच्या कितीतरी पट परत फिरतात. अशा उमेदवाराच्या घरीं पुढचे कांहीं दिवस जड जातात. वडील बोलत नाहींत, आई आवडीचा पदार्थ करून वाढते आणि शेजारी विचारपूस करावयास येतात. ‘आतां पुन्हा कशाला?’ हा प्रश्न त्याच दिवसांत निघतो.

नियमापुरतें उत्तर सरळ आहे. प्रवेशपरीक्षा वर्षांतून दोनदां होते. अभ्यासक्रम सुरू होतांना वय सुमारें साडेसोळा ते साडेएकोणीस असावें लागतें. अर्ज कितीदां करावा यावर बंधन नाहीं; बंधन आहे तें वयाचें. वैमानिक होण्यासाठीं योग्यतेची संगणकावरील वेगळी कसोटी द्यावी लागते. तींत जो उतरला नाहीं त्याला विमान चालविण्याच्या शाखेंत जातां येत नाहीं. इतर मार्ग मोकळे राहतात.

पुन्हा अर्ज करण्यापूर्वीं, आपण नेमके कोठें अडलों हें पाहावें. लेखी परीक्षेंत गणिताला ३०० व सामान्य ज्ञानाच्या पत्रिकेला ६०० गुण असतात. चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाचे एकतृतीयांश गुण कापले जातात. येथें जो अडला त्याचें औषध ठाऊक आहे: अभ्यास, आणि अंदाजानें उत्तरें ठोकण्याची संवय सोडणें. वैद्यकीय तपासणींत अडलेल्यास पुन्हा तपासणी मागतां येते. कित्येक दोष उपचारानें बरेही होतात.

खरी अडचण निवड मंडळापुढें अडलेल्याची. तेथेंही ९०० गुण असतात आणि कसोट्या पांच दिवस चालतात. पहिल्याच दिवशीं बुद्धिमापन व चित्रावरील चर्चा यांनंतर पुष्कळांना परत पाठवितात. राहिलेल्यांना पुढें साठ शब्द एकेक करून दाखवितात व प्रत्येकावर पंधरा सेकंदांत वाक्य लिहावयास सांगतात. मग मैदानावर फळ्या व दोर यांच्या साहाय्यानें सर्व गटानें अडथळा पार करावयाचा, शिवाय मुलाखत. शेवटीं निकाल कळतो, कारण मात्र सांगत नाहींत.

कारण न कळल्यामुळें पुष्कळ मुलें दुसऱ्या खेपेस तयार उत्तरें पाठ करून जातात. हा मार्ग फसवा आहे. मानसशास्त्रज्ञ, मैदानी कसोट्यांचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा अधिकारी हे एकाच मुलास निरनिराळ्या बाजूंनीं पाहतात व अखेरीस एकत्र बसून मतें ताडून पाहतात. कागदावर जो धीट पुढारी, तोच मैदानावर इतरांच्या मागें उभा राहिला, तर विसंगति लपत नाहीं. पंधरा सेकंदांत तर सोंग आणावयासही सवड नसते.

म्हणून बदलावयाचें असतें तें मधलें वर्ष. ‘मागल्या खेपेनंतर काय केलेंत?’ असा प्रश्न दुसऱ्यांदा आलेल्यास बहुधा होतोच. समजा, एखादा मुलगा चर्चेंत गप्प राहिला होता. त्यानें आळींतील गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब अंगावर घेतला, चार भिन्न स्वभावाच्या माणसांकडून काम करून घेतलें, एखाद्या सांघिक खेळांत नियमानें भाग घेतला, तर त्याच्या जवळ सांगण्यासारखें खरेंच कांहीं असतें. मुख्य म्हणजे, न सांगतांही तें दिसतें.

या काळांत महाविद्यालयाचें शिक्षण सोडूं नये. वय उलटलें तरी पदवीनंतर दुसऱ्या परीक्षेनें डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनींत जातां येतें. प्रयत्नानें यश येतेंच असें नाहीं. पण विन्स्टन चर्चिल यांनाही इंग्लंडांतील सॅंडहर्स्टच्या लष्करी विद्यालयांत १८९३ मध्यें तिसऱ्या खेपेसच प्रवेश मिळाला होता.

वडिलधाऱ्यांनीं एवढेंच पाहावें कीं, नापसंतीला मुलानें नुसतें दुर्दैव समजूं नये, आणि स्वतःच्या लायकीवरचा अखेरचा शिक्काही समजूं नये. ती त्या दिवसाची पारख होती. पुढल्या खेपेस मंडळापुढें तोच मुलगा उभा करावयाचा कीं वर्षभरानें वाढलेला, हें घरानें व मुलानें मिळून ठरवावयाचें असतें.