बोंडअळी काहीच शिकली नाही

यवतमाळ असो, जळगाव असो की परभणी, कपाशीच्या पट्ट्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं : "अळीला आता बीटीची सवय झाली." कृषी केंद्राच्या काउंटरवर ते ऐकू येतं, बातम्यांच्या चर्चेत येतं आणि बीएस्सी झालेली मंडळीही ते बिनदिक्कत म्हणतात. कुणी म्हणतं अळी शहाणी झाली, कुणी म्हणतं तिला विष पचायला लागलं. बोंड फोडल्यावर आत गुलाबी अळी सरकी पोखरताना दिसते तेव्हा असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ते साफ चूक आहे, आणि या चुकीपायी आपण नको ते उपाय करत बसतो.

बीटी कपाशीच्या पानात, पात्यात, बोंडात एक प्रथिन असतं. अळीने ते खाल्लं की ते तिच्या आतड्यातल्या पेशींवरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आतड्याला भोकं पडतात, अळी खाणं सोडते आणि मरते. आता सांगा, जी अळी पहिल्याच जेवणात मेली ती सवय कधी लावून घेणार? शिकायचं तर आधी जिवंत राहावं लागतं. आणि मेलेली अळी पोरांना काही शिकवून जात नाही.

मग काय झालं? लाखो अळ्यांच्या गर्दीत काही थोड्या अळ्यांमध्ये त्या कॅडहेरिनचं जनुक आधीपासूनच बिघडलेलं होतं. बीटी आलं म्हणून बिघडलं नव्हतं. जनुकांच्या प्रती काढताना चुका होतच असतात, तशी झालेली एक चूक. एरवी अशा चुकीचा काही फायदा नाही, झालं तर नुकसानच. पण बीटी कपाशीत तिचा अर्थ बदलला : विषाला चिकटायला जागाच उरली नाही. बाकीच्या अळ्या मेल्या, या उरल्या, यांचे पतंग झाले, त्यांचं आपसात मीलन झालं. चाळणी दाण्याला बारीक करत नाही, बारीक दाणे तेवढे खाली पाडते. निवड होते ती अशी. एकही अळी बदलली नाही. बदललं ते अळ्यांमधलं प्रमाण.

"हे आधीपासून होतं कशावरून?" ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर 1952 मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने मखमलीच्या कापडाने दिलं. एका बशीत जिवाणूंच्या वसाहती वाढवल्या, त्यावर मखमल हलकेच दाबली आणि तोच ठसा स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या दुसऱ्या बश्यांवर उठवला. जवळजवळ सगळ्या वसाहती मेल्या. ज्या एखाददोन वाचल्या त्या प्रत्येक बशीत त्याच जागी. मग त्यांनी मूळ बशीतली नेमकी ती जागा गाठली. तिथल्या जिवाणूंनी औषध कधी पाहिलंही नव्हतं, तरी ते औषधाला दाद देत नव्हते.

आपल्या बोंडअळीचा पुरावाही आहे. भारतातल्या प्रतिकारक्षम गुलाबी बोंडअळ्यांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅडहेरिन जनुकाची एक नव्हे, तर मोडतोड झालेली आठ निरनिराळी रूपं सापडली. अळ्या धडा शिकल्या असत्या तर सगळ्यांनी साधारण एकच युक्ती काढली असती. इथे तर जिथे तिथे जनुक वेगळ्या तऱ्हेने मोडलेलं! आंधळ्या चुका अशाच दिसतात.

आता नॉन-बीटी बियाण्याच्या पाकिटाकडे वळू. बीटीच्या पिशवीसोबत 120 ग्रॅमचं वेगळं पाकीट यायचं, भोवतीने लावायला. बहुतेकांनी ते लावलंच नाही. अळ्यांना मुद्दाम चारा कशाला घालायचा, हा प्रश्न पाच एकरवाल्याला पडणारच, आणि त्या बियाण्याच्या दर्जाबद्दल तक्रारीही होत्या. पण युक्ती अशी होती की त्या ओळींत बीटीला बळी पडणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग व्हावेत आणि बीटीतून वाचलेल्या एखाद्या पतंगाला जोडीदार म्हणून तेच भेटावेत. बिघडलेलं जनुक साधारणतः दोन्हीकडून आलं तरच अळी वाचते. एकीकडून आलं तर पिल्लू बीटीवर मरतं. शिकणाऱ्या अळीपुढे या पाकिटाचा काहीच उपयोग नव्हता. निवडल्या जाणाऱ्या अळीपुढे तेच खरं हत्यार होतं.

अमेरिकेत अशा नॉन-बीटी, म्हणजे आश्रयाच्या ओळी नेटाने लावल्या, पुढे वांझ पतंगही सोडले, आणि 2018 मध्ये तिथल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी हद्दपार झाल्याचं सरकारने जाहीर केलं. आपल्याकडे बीटीला 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि 2008 च्या हंगामात गुजरातच्या अमरेलीतून गोळा केलेल्या अळ्यांत प्रतिकार आढळला. मधल्या काळात, 2006 मध्ये, दोन जनुकांचं बीटी आलं. तेही पुरलं नाही, 2017 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्याने ते भोगलं. "उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात" म्हणणाऱ्यांनी हे साल-हिशेब नजरेखालून घालावेत.

उत्क्रांतीबद्दलचे बाकीचे गैरसमज झटपट उरकू. "माणूस माकडापासून झाला" : नाही, आजची माकडं आपली चुलत भावंडं, पूर्वज सामाईक. "बलवान तो टिकतो" : ज्याची पिल्लं जास्त मागे राहतात तो टिकतो, मग तो लुकडा का असेना. "उत्क्रांती म्हणजे प्रगती" : वरच्या अळीत तर एक जनुक चक्क मोडलंय. "वाईट जनुकं निसर्ग काढून टाकतो" : मग नंदुरबार आणि गडचिरोलीत सिकलसेल का टिकला? कारण त्या जनुकाची एकच प्रत असली तर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. दोन्ही प्रती आल्या की आजार.

शेवटचा गैरसमज सगळ्यात महागात पडतो : "सवय झालीय ना, मग आणखी कडक औषध मारू." कडक औषध म्हणजे आणखी कडक निवड, त्यातही जे वाचतील त्यांचीच पुढची पिढी. त्यात अळी डोमकळीत (अळी लागून न उमललेल्या फुलात) आणि बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचतही नाही. कामगंध सापळे लावणं, डोमकळ्या तोडून नष्ट करणं हे कंटाळवाणं काम आहे, पण ते अळ्यांची संख्याच घटवतं. सगळ्यात मोठा घोळ फरदडीचा. पाणी आहे म्हणून पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली की अळीला जादा पिढ्या मिळतात. त्या सगळ्या बीटीवरच वाढतात, आणि त्यातून वाचलेल्यांचे वंशज पुढच्या जूनच्या पेऱ्यावर येतात.