सिरिंजवरील रेषांचा अर्थ

इन्सुलिन हे मधुमेही मनुष्याचे प्राणरक्षक संप्रेरक खरे. परंतु पिळदार देहाच्या हव्यासापायी जे निरोगी तरुण वैद्यांच्या सल्ल्यावाचून ते टोचून घेतात, त्यांनी हे ध्यानी धरावे की, इन्सुलिनच्या सिरिंजवरील रेषा एका ठरावीक तीव्रतेच्या औषधाचीच एकके दर्शवितात.

भारतात एका मिलिलिटरमध्ये ४० आणि १०० एकके अशा दोन तीव्रतांचे इन्सुलिन मिळते. पहिल्याच्या सिरिंजला लाल, तर दुसऱ्याच्या सिरिंजला नारिंगी टोपण असते. शंभराचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ४० च्या रेषेपर्यंत भरले, तर शरीरात १०० एकके, म्हणजे अडीचपट मात्रा जाते, आणि रक्तशर्करा एकाएकी घसरून शुद्ध हरपते, प्रसंगी प्राणही जातो.

दुसऱ्याने वापरलेल्या सुईतून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सी यांचा संसर्ग होतो, हा धोका निराळाच. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या निषिद्ध यादीत इन्सुलिन आहे. मधुमेही खेळाडूस मात्र रीतसर अर्ज करून वैद्यकीय सवलत मिळविता येते. अचूक सिरिंज निवडल्याने निरोगी देहास हे औषध निर्धोक होते, असा समज कोणीही बाळगू नये.